लाकडी वाड्याचा दरवाजा अडकल्याबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या लाकडी बाहुलीघराला दोन तारे देताना आपण लिहिले आहे की, पाऊस सुरू होताच वाड्याचा मोठा दरवाजा अडकू लागला, मुलीने तो ओढल्यावर बिजागरी निखळली, छपरावरील कौलांचा रंग एकसारखा नाही आणि घर ठरल्यापेक्षा अठरा दिवस उशिरा मिळाले.

दरवाज्याची तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती चूक आमची आहे. हा वाडा १:१२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या घराच्या एका फुटाला एक इंच धरून बांधलेला आहे. लाकूड दमट हवेत लांबीला जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीला फुगते. सागवानही त्याला अपवाद नाही. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत आम्ही जेमतेम पाव मिलिमीटर फट ठेवून दरवाज्याच्या झडपा बसवल्या, कारण इतक्या लहान कामात मोठी फट डोळ्यांना खुपते. परंतु घर कोकणात जाणार हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि तिथल्या जूनमध्ये तीन इंची झडप अर्धा मिलिमीटर सहज फुगते, याचा विचार आम्हीच करायला हवा होता. शिवाय आपल्या फोटोत झडपेची खालची कड कोरी, पॉलिशविना दिसते आहे. ओल सर्वांत जास्त तिथूनच शिरते. मुलीला कृपया दोष देऊ नये. खेळण्यातला दरवाजा मूल ओढणारच, आणि पितळी बिजागरीला आम्ही छोट्या खिळ्यांऐवजी बारीक स्क्रू लावायला हवे होते.

कौलांबाबत मात्र मला माझी बाजू मांडावीशी वाटते. ती सहाशे चाळीस कौले शिवण नावाच्या झाडाच्या लाकडातून एकेक कापून गेरूच्या तीन छटांत मुद्दाम रंगवलेली आहेत, कारण दरवर्षी शाकारणीत फुटकी कौले बदलली जातात आणि जुन्या छपरावर जुनी-नवी कौले शेजारी शेजारी दिसतात. हे आपल्याला आधी दाखवून विचारले नाही, एवढी उणीव मान्य आहे. छप्पर उचलून निघते; एकच रंग हवा असल्यास तसा करून देऊ.

उशीर झाला तो मेअखेरच्या अवेळी पावसामुळे. दमट हवेत चपडा लाखेचे पॉलिश पांढरट पडते, म्हणून शेवटचे दोन हात आम्ही थांबवले. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो, परंतु आपल्याला साधा फोनही केला नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

दोन्ही झडपा आम्ही नव्याने करू, सर्व कडांना पॉलिश देऊ आणि आमचे सुतार घरी येऊन त्या बसवून देतील. याचा कोणताही खर्च आपल्यावर पडणार नाही. तोपर्यंत कृपया दरवाजा घरी घासून घेऊ नये. आता घासल्यास चौकटीलाही धक्का लागेल आणि तिची दुरुस्ती फार अवघड आहे.