रडणारा सीईओ आणि सोलापुरी चादर

परवा आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. यंदाची ही चौथी खेप. तुमच्याकडेही आला असेलच. मायक्रोसॉफ्टने नोकिया घेतली त्या पत्रकार परिषदेत नोकियाचा सीईओ म्हणे म्हणाला, "आम्ही काहीच चुकीचं केलं नाही, तरी कसे कोण जाणे, आम्ही हरलो," आणि तो व त्याची अख्खी टीम रडायला लागली. त्याखाली बोध: नोकिया बदलली नाही, टचस्क्रीनचं महत्त्व तिला कळलं नाही, अँड्रॉइड घ्यायला अहंकार आडवा आला, म्हणून ती संपली. आमच्याकडच्या प्रतीत कुणीतरी खास सोलापूरसाठी शेपूट जोडलं होतं: "चादर-टॉवेलवाल्यांनो, जागे व्हा, नाहीतर तुमचाही नोकिया होईल."

पाठवणारे आमचे थोरले चुलतभाऊ, अण्णा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे यंत्रमाग आहेत. मी नवी पेठेत 2004 पासून मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. ज्या फोनांवर माझं घर उभं राहिलं त्यात निम्म्याहून जास्त नोकियाचे होते, तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही. तरी अण्णांना ग्रुपवर उत्तर देता देता ते इतकं लांबलं, की म्हटलं इथेच लिहावं.

आधी ते रडणं. पत्रकार परिषद झाली 3 सप्टेंबर 2013 ला, फिनलंडमधल्या एस्पोला. स्टीफन एलॉप तोवर सीईओपदावरून बाजूला झाले होते आणि कंपनीचे अध्यक्ष रिस्टो सिलास्मा हंगामी सीईओ झाले होते. म्हणजे रडणारा सीईओ नक्की कोणता, हे लिहिणाऱ्यालाच सांगता यायचं नाही. एलॉप 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टमधून आले होते आणि आता फोनचा धंदा घेऊन तिकडेच परत निघाले होते. जाताना त्यांना सुमारे 1.9 कोटी युरो मिळणार अशी बातमी आली तेव्हा फिनलंडमध्ये चांगलीच ओरड झाली. डोळ्यांत पाणी यायचंच तर तिथल्या लोकांच्या यावं, यांच्या कशाला?

"आम्ही काहीच चुकलो नाही" हे तर साफ उलटं. फेब्रुवारी 2011 मध्ये याच एलॉपनी सगळ्या कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिलं. ते फुटलं आणि जगभर छापून आलं. भर समुद्रात तेलाच्या जळत्या प्लॅटफॉर्मवर उभा असलेला एक माणूस, खाली बर्फासारखं पाणी, उडी मारावी की जळून मरावं, या गोष्टीने ते पत्र सुरू होतं. पुढे ते सरळ कबूल करतात, की या आगीत आपण स्वतःच पेट्रोल ओतलं, नेतृत्व कमी पडलं, कामं वेळेवर झाली नाहीत. आयफोन 2007 ला आला आणि अजून आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारं काही नाही, असंही त्यात आहे. इतक्या चुका इतक्या उघडपणे कबूल करणारं पत्र मोठ्या कंपन्यांतून क्वचितच बाहेर येतं. फॉरवर्डने नेमकी त्याच कंपनीच्या सीईओच्या तोंडी "आम्ही चुकलो नाही" ही ओळ घातली.

त्याच पत्रात एक वाक्य आहे, ते अण्णांसाठी महत्त्वाचं. प्रतिस्पर्धी आपला बाजार नुसत्या फोनच्या जोरावर खात नाहीयेत, अख्खा गोतावळा घेऊन आलेत, अशा अर्थाचं. गोतावळा म्हणजे ॲप लिहिणारे, नकाशे, जाहिराती, खेळ, सगळं. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

आता "बदलली नाही". अहो, ही कंपनी 1865 मध्ये कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली. मग रबरी बूट, तारा-केबल, टीव्ही, आणि शेवटी मोबाईल. बदल या विषयावर नोकियाला उपदेश करणं म्हणजे पंढरपूरच्या बडव्याला विठ्ठल कुठे आहे ते सांगणं. टचस्क्रीनचं म्हणाल तर नोकियाचा 7710 हा टचस्क्रीनचा फोन 2004 मध्ये जाहीर झाला होता आणि 770 हा लिनक्सवर चालणारा टॅब्लेट 2005 मध्ये बाजारात होता. आयफोन त्यानंतरचा. पैसाही कमी पडला नाही. 2010 या एका वर्षात कंपनीने संशोधनावर 5 अब्ज युरोंहून जास्त खर्च केला, अर्थात त्यात नेटवर्कच्या धंद्याचाही वाटा होता. नकाशांसाठी नॅवटेक ही कंपनी 8.1 अब्ज डॉलरला घ्यायचं 2007 मध्येच ठरवलं. झोपलेली माणसं इतका खर्च करत नाहीत.

मग अडलं कुठे? अण्णांना हे जकार्डच्या भाषेत सांगितलं तेव्हा कुठे ते गप्प बसून ऐकायला लागले.

चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. माग तोच, वरची छिद्रांच्या कार्डांची माळ बदलली की मोराच्या जागी कोयरी येते. ते डिझाईन काढणारा माणूस मागवाल्याच्या पगारावर असायची गरज नसते. तो बाहेरचा, चार कारखान्यांना पुरवणारा. आता समजा, माग बनवणाऱ्या कंपनीने दर मॉडेलला कार्डाचं माप बदललं. आठव्या मागाचं कार्ड नवव्यावर चढत नाही. वर अट घातली, की प्रत्येक डिझाईनवर आमच्या कचेरीचा शिक्का हवा आणि शिक्क्याला मुदत. डिझाईनवाला किती दिवस तुमच्या दारात उभा राहील? तो शेजारच्या मागाकडे जाणारच, भले तो माग तुमच्याइतका दणकट नसो.

नोकियाचे स्मार्टफोन ज्या प्रणालीवर चालायचे त्या सिंबियनचं हेच होतं. ही प्रणाली 1998 मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि सायन या कंपन्यांनी मिळून उभी केली. तिचं मूळ सायनच्या छोट्या हातसंगणकांत. मेमरी चिमूटभर असायची त्या काळासाठी ती उत्तम होती, एकेक बाईट वाचवून लिहिलेली. पण तीच काटकसर पुढे नडली. तिच्यावर प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे साधं वाक्य साठवण्यासाठीसुद्धा तिचे स्वतःचे वेगळे नियम शिकायचे. त्यात एस60, एस80, एस90 असे पडद्यांचे निरनिराळे अवतार, आणि सोनी एरिक्सनचा यूआयक्यू वेगळाच. एकावरचं दुसऱ्यावर चालेल याची खात्री नाही. एस60 ची तिसरी आवृत्ती आली तेव्हा आधीच्या फोनांसाठी लिहिलेली ॲप त्यावर चढेनात, सगळं नव्याने बांधा. आणि तो शिक्का! ॲपवर डिजिटल सही लागायची. सहीची मुदत संपलेली असली की "सर्टिफिकेट एक्स्पायर्ड" असं झळकून काम थांबायचं. त्या वेळी कॉलेजच्या पोरांना यावरचा तोडगा पाठ होता: फोनची तारीख वर्षभर मागे न्या, ॲप चढवा, तारीख पुन्हा पुढे आणा. जी प्रणाली वापरायला कॅलेंडर मागे फिरवावं लागतं, तिच्यासाठी बाहेरचा प्रोग्रॅमर किती जीव टाकणार?

ॲपलने जुलै 2008 मध्ये ॲप स्टोअर उघडलं, पहिल्या दिवशी साधारण 500 ॲप होती. नोकियाचं ओव्ही स्टोअर मे 2009 मध्ये आलं. दहा महिन्यांचा उशीर तसा फार नव्हता. तोवर कार्डं पंच करणारे निघून गेले, तो खरा फटका.

आणि या सगळ्यात कंपनी हातावर हात ठेवून बसली नव्हती, उलट फारच धडपडत होती. इकडे सिंबियन दुरुस्त करायचं, तिकडे टॅब्लेटवाली मीमो ही दुसरी प्रणाली वाढवायची, ती 2010 मध्ये इंटेलच्या मोब्लिनशी जोडून मीगो करायची, मधल्यामध्ये ॲप लिहायचं क्यूटी हे साधन बनवणारी नॉर्वेची कंपनी विकत घ्यायची. एका घरात तीन सुना आणि चूल एक. मीगोचा एन9 हा फोन शेवटी 2011 मध्ये आला, तोवर घराण्याने मायक्रोसॉफ्टशी सोयरीक जमवली होती.

टचस्क्रीनचं पुराण तर सोलापुरात लावूच नका. 2009-10 मध्ये नवी पेठेत कुणी आयफोनपायी नोकिया सोडलेली मला आठवत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन एकच विचारायचं, "दोन सिमचा हाय का ओ?" आपलं शहर कर्नाटकाच्या वेशीवर. इंडी, विजापूर, गुलबर्ग्याकडे सोयरीक, व्यापार. तिकडे गेलं की रोमिंग लागायचं, म्हणून एक सिम इकडचं, एक तिकडचं. मायक्रोमॅक्स आणि शेंझेनहून येणारे बिननावाचे फोन दोन सिम देत होते. नोकियाचे 2010 नंतर सावकाश आले. त्या स्वस्त फोनांच्या पोटातही गंमत सॉफ्टवेअरचीच होती. तैवानची मीडियाटेक चिपबरोबर जवळजवळ तयार सॉफ्टवेअर द्यायची, कारखानदाराने नुसतं खोकं जोडायचं. एलॉपच्या पत्रात याचाही उल्लेख आहे. तिथे नोकियातल्याच एका माणसाचा टोमणा दिलाय, की आपल्याला एक प्रेझेंटेशन घासूनपुसून तयार करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चिनी कंपन्या फोन काढतात. वरून आयफोन-अँड्रॉइड, खालून मीडियाटेक, मध्ये नोकियाच्या 1100 सारखा 25 कोटींहून जास्त खपलेला, टॉर्चवाला, धुळीला न घाबरणारा फोन. तो फोन आजही माझ्या मते अव्वल आहे. ते जाऊ दे.

"अँड्रॉइड घेतलं असतं तर आज राज्य असतं." हा मुद्दा ऐकायला सगळ्यात बरा वाटतो, म्हणून जरा थांबू. जगातला पहिला अँड्रॉइड फोन 2008 मध्ये एचटीसीने बनवला. 2017 मध्ये त्याच एचटीसीने आपल्या फोनच्या टीममधले बरेच लोक 1.1 अब्ज डॉलरला गुगलला देऊन टाकले. एलजीने वर्षानुवर्षं अँड्रॉइड फोन काढले, ओळीने 23 तिमाही तोटा सोसला आणि 2021 मध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. मायक्रोमॅक्सही अँड्रॉइडवरच होती, चिनी कंपन्या आल्यावर तिचं काय झालं ते नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. सॅमसंग तगली, पण तिच्याकडे पडदे, मेमरी, चिप सगळं घरचं. आणि तीच सॅमसंग स्वतःची प्रणाली चालवायला गेली तेव्हा काय झालं? आधी बाडा, मग टायझन. टायझनचा झेड1 तिने जानेवारी 2015 मध्ये इथेच, भारतात, 5,700 रुपयांना आणला. कुणाच्या हातात दिसतो का? यंत्र बनवण्यात जगात पहिला असलेला गडीसुद्धा बाहेरच्या प्रोग्रॅमरला आपल्या दारात आणू शकला नाही. यात नोकियाचा अहंकार कुठून शोधायचा?

माझा अंदाज असा, की अँड्रॉइड घेऊन फोनचा धंदा आणखी काही वर्षं निघाला असता, पण राज्य वगैरे काही आलं नसतं. खरी घोडचूक मला वेगळीच दिसते, आणि फॉरवर्डमध्ये तिचा पत्ताच नाही. 11 फेब्रुवारी 2011 ला नोकियाने जाहीर केलं, की आता आम्ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या प्रणालीकडे जाणार, सिंबियनचे दिवस भरले, तरी अजून 15 कोटी सिंबियन फोन विकायचा विचार आहे. बाजारात हातात द्यायला नवा फोन नाही! विंडोजवाले पहिले फोन, म्हणजे लुमिया, यायला नोव्हेंबर उजाडला. उद्या मी दुकानावर पाटी लावली, "सध्याचा माल जुनाट आहे, चांगला माल दिवाळीनंतर येईल, तोवर हाच घ्या," तर कोण पायरी चढेल? 2010 च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे 2.83 कोटी स्मार्टफोन गेले होते. 2011 च्या एप्रिल ते जून या तिमाहीत 1.67 कोटी. सहा महिन्यांत एवढी घसरण.

पुढे जून 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की आताच्या लुमियांवर नवं विंडोज फोन 8 चढणार नाही. पुन्हा कार्डाचं माप बदललं. गुगलने यूट्यूबचं स्वतःचं ॲप त्यावर काढलंच नाही, इन्स्टाग्राम 2013 च्या नोव्हेंबरात उगवलं. फोन देखणे होते, कॅमेरा दृष्ट लागण्यासारखा. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये या खरेदीचे 7.6 अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले आणि 2019 संपताना व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनची साथ सोडली. म्हणजे नोकियाचा हा फॉरवर्ड आज त्या नोकियावर उघडणारच नाही.

"संपली" हे दोन ओळींत निकालात निघतं. विकला गेला तो फोनचा धंदा. नोकिया कंपनी जागेवर आहे. तिने 2016 मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणारी अल्काटेल-ल्युसेंट गिळली, त्या खरेदीत बेल लॅब्ज ही नावाजलेली संशोधन संस्थाही नोकियाकडे आली, आणि 2022 मध्ये जिओ व एअरटेल या दोघांनीही फाइव्ह-जीच्या कामासाठी निवडलेल्या कंपन्यांत ती आहे. अण्णांचा फॉरवर्ड ज्या टॉवरवरून माझ्याकडे आला, त्यावरही तिचंच यंत्र असू शकतं.

राहिलं ते सोलापूरचं शेपूट. त्याचाच मला खरा राग आला. इथली जुनी मिल बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल गेली, नरसिंग गिरजी गेली, प्रत्येक वेळी "लोक बदलले नाहीत" म्हणणारा कुणीतरी होताच. पूर्व भागातल्या विणकरांनी हातमाग सोडून यंत्रमाग घेतले, चादरीवरून टेरी टॉवेलवर आले, टॉवेल परदेशी पाठवले, कितीतरी जण शाळेच्या गणवेशांच्या शिलाईत शिरले. आणखी किती बदलायचं? अण्णांचं दुखणं वेगळं आहे आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे. सोलापुरी चादरीला 2005 मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं, तरी बाहेर विणलेली हलकी चादर "सोलापुरी" म्हणून बिनदिक्कत विकली जाते. मोबाईलवरच्या दुकानात ती आणि अण्णांची चादर एकाच रांगेत, फोटोत सारखीच, फरक फक्त किमतीत. वजन हाताला लागत नाही. रांगेत वर कोण दिसणार हे ज्याचं दुकान तो ठरवतो, अण्णा नाही. नोकियाशी काही जुळत असेल तर एवढंच, की गिऱ्हाईक आणि माल यांच्यामधली जागा दुसऱ्याच्या ताब्यात गेली. "जागे व्हा" हे सकाळी सातला माग सुरू करणाऱ्या माणसाला सांगून काय उपयोग?

हे सगळं लिहून पाठवल्यावर अण्णांचा फोन आला.

"मग काय करू, मेसेज डिलीट मारू का?"

"राहू द्या अण्णा. निदान ती खालची चादरीची ओळ तरी काढा."

त्यांनी ओळ काढली. आणि उरलेला मेसेज आणखी तीन ग्रुपवर पाठवला.