पुरात आधी घरं लुटतात, म्हणे!

परवा रात्री आईचा फोन आला. गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की ती आधी म्हादई नदीच्या पाण्याची खबर देते आणि मग माझी विचारपूस करते. या वेळी पाण्याचं नावच नाही. म्हणाली, "बाबू, यंदा पाणी चढलं तर मी देवळात जायची नाही. माळ्यावर बसेन. तू फोन करकरून माझा जीव खाऊ नकोस."

आईचं वय ७२. दोन्ही गुडघे बोलतात. माळ्यावर जायला बांबूची शिडी आहे, तिच्या दोन पायऱ्या मीच गेल्या चतुर्थीला सुंभाने बांधल्यात.

कारण विचारलं तेव्हा कळलं, भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या दिवशी तोच मला डिचोलीच्या चुलतभावाकडून आला आणि संध्याकाळी ऑफिसातल्या एकाकडून, खाली हात जोडलेल्या चित्रासकट. मथळा: 'आपत्तीत ओळखा माणसाचा खरा चेहरा'. त्याखाली 'एका निवृत्त अधिकाऱ्याचे अनुभवाचे बोल'. अधिकाऱ्याला नाव नाही, खातं नाही, अनुभव कुठल्या पुरातला तेही नाही.

मुद्दे सहा. एक, पूर आला की आधी रिकामी घरं लुटली जातात, म्हणून घर सोडू नका. दोन, लोकांना धोक्याची सूचना आगाऊ देऊ नये, चेंगराचेंगरी होते. तीन, शेजाऱ्यांच्या भरवशावर राहू नका, जवान येईपर्यंत थांबा. चार, गोंयकार सुशेगाद, म्हणजे निवांत, तो कुणासाठी धावत नाही. आणि भायले, म्हणजे बाहेरून आलेले, मजूर पुरात हात साफ करतात. पाच, जपानात बघा, भूकंपानंतरही लोक रांगेत उभे राहतात, आपल्याकडे संस्कारच नाहीत. सहा, मदतीला येणारे फोटोसाठी येतात आणि आठवड्यात गायब होतात.

आईच्या गुडघ्यांशी संबंध पहिल्या मुद्द्याचा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

२३ जुलै २०२१ आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. म्हादई, खांडेपार, शापोरा, सगळ्या नद्या एकदम चढल्या. सत्तरी, डिचोली, पेडणे, धारबांदोडा, सगळीकडे पाणी. १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर, असं खुद्द मुख्यमंत्री म्हणाले, आणि नुकसान झालेल्या घरांचा सरकारी आकडा हजाराच्या आसपास होता. आमच्या वाड्यावर पहाटे कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून, पाणी आलं. आधी गोठ्यात, मग पडवीत, आणि चहाला आधण ठेवीपर्यंत चुलीत. मी पणजीत, फोन लागेना. आईला पाठीवर घेऊन वर सातेरीच्या देवळात कुणी नेलं? शेजारच्या कुळागरात सुपाऱ्या पाडायला आलेल्या कानडी पोराने. नेण्याआधी आईने त्याला ट्रंक दाखवली. तिच्यात तिच्या पाटल्या आणि घराची कागदपत्रं. त्याने ती माळ्यावर नेऊन ठेवली, वर गोणपाट टाकलं आणि मग आईला उचललं. त्याची स्वतःची खोप तोवर वाहून गेली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरात शिरलो. भिंतीला छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ. ट्रंक होती तिथे होती. गोणपाटसुद्धा हललं नव्हतं.

चोरीची आवई मात्र आमच्याकडेही उठली, ते सांगायला हवं. वरच्या घरातला गॅसचा सिलिंडर गेला म्हणून बोंब झाली. 'भायल्यांनी नेला' हे अर्ध्या तासात ठरलंसुद्धा. चार दिवसांनी गाळ उपसताना तो खालच्या पोफळींत अडकलेला सापडला, सोबत कुणाचंतरी लाकडी पाळणं. नदीनेच नेला होता. बोंब ज्यांनी ऐकली त्यांतल्या किती जणांना सिलिंडर सापडल्याचं कळलं असेल?

खरी चोरी झाली ती पंधरा दिवसांनी. नदीकाठचे पाण्याचे दोन पंप गेले. माणसं घरी परतली होती, वीज आली होती, पाऊस उघडला होता. ती चोरी पुरातली नव्हे, रोजच्यातली. पण ठीक आहे, मेसेजवाल्याच्या पदरात टाकतो हे दोन पंप. त्यांच्यासाठी ७२ वर्षांच्या बाईने शिडीवर चढायचं का?

हे एका वाड्याचं झालं, असं कुणी म्हणेल. म्हणून मोठा दाखला देतो. अमेरिकेत आपत्तींचाच अभ्यास करणारं एक केंद्र १९६३ साली ओहायो स्टेट विद्यापीठात निघालं, पुढे ते डेलावेअरला गेलं. एनरिको क्वारंटेली आणि रसेल डाइन्स हे त्याच्या संस्थापकांतले. पूर, वादळ, भूकंप झाला की यांची माणसं तिथे जाऊन लोकांशी बोलायची. वर्षानुवर्षं त्यांना तेच तेच दिसत गेलं: नैसर्गिक आपत्तीनंतर लूटमार फार थोडी होते, सैरावैरा पळापळ त्याहून थोडी, आणि ढिगाऱ्यातून वा पाण्यातून पहिल्यांदा बाहेर काढणारे हात बहुतेक शेजाऱ्यांचे किंवा घरच्यांचेच असतात.

आणि लुटीच्या अफवेने काय होतं त्याचं उदाहरण २००५ च्या कतरिना वादळाचं. न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, हजारो माणसं सुपरडोम नावाच्या क्रीडागृहात आसऱ्याला गेली. आत खून पडतायत, लहान मुलांवर अत्याचार होतायत, अशा बातम्या जगभर गेल्या. पोलीसप्रमुखच टीव्हीवर तसं बोलले. ३१ ऑगस्टला, म्हणजे माणसं छपरांवर अडकलेली असताना, महापौरांनी सुमारे दीड हजार पोलिसांना बचावकार्यातून काढून लुटारूंच्या मागे धाडलं. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. दोघे मेले, चौघे जखमी झाले. सुपरडोममधली प्रेतं न्यायला शीतकपाटाचा ट्रक आणला होता, दोनशे निघतील या हिशेबाने. निघाली सहा. चौघे आजाराने गेलेले, एक अमली पदार्थाने, एकाने वरून उडी घेतलेली. खून एकही नाही. पोलीसप्रमुखांनी महिन्याभरात पद सोडलं. त्या शहरात दुकानं फुटली, हे खरं आहे. पण छपरावरच्या माणसाला सोडून पोलीस टीव्हीच्या खोक्यामागे धावले, ते या असल्याच 'अनुभवाच्या बोलांमुळे'. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, एवढाच फरक.

आता चौथा आणि पाचवा मुद्दा एकत्र घेतो, कारण लिहिणाऱ्याने ते शेजारी शेजारी ठेवलेत आणि त्याला पत्ताच नाही की ते एकमेकांचा गळा धरतात. जपानी शिस्तीचं कौतुक आहे ना? मग १ सप्टेंबर १९२३ वाचा. तोक्यो आणि योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झाली. काही तासांत अफवा पसरली की कोरियन मजूर विहिरीत विष घालतायत, आगी लावतायत, लुटतायत. गावोगाव राखणदारांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. त्यांनी, आणि काही ठिकाणी पोलीस-सैन्यानेही, हजारो कोरियन मारले. परदेशातून पोटासाठी आलेले मजूर. त्याच शिस्तीच्या, संस्कारांच्या देशात. विष कुणी घातलेलं नव्हतं.

तर 'भायले मजूर हात साफ करतात' हे वाक्य ग्रुपवर ढकलताना आपण काय ढकलतोय, ते बघा. आमच्या सत्तरीत सुपाऱ्या कोण पाडतं, काजूच्या बागा कोण साफ करतं, रस्त्याचं डांबर कोण ओततं? पुरात सगळ्यात आधी कुणाची खोप जाते? नदीच्या अंगाला, फुकटच्या जागेत ज्याला राहावं लागतं त्याची. पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा यांच्याकडे घर क्रमांक नसतो, म्हणून नुकसानही नसतं. आणि वर हे चोर! आईला पाठीवरून नेणाऱ्या पोराच्या खोपीची भरपाई आजतागायत कुणी दिलेली नाही. आईने मेसेज वाचताना त्याची आठवण काढली नाही, याचा मला जास्त राग आलाय.

जपानचंच सांगायचं तर शिस्तीपेक्षा शेजार सांगा. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. अवाजी बेटावरच्या होकुदानमध्ये कोणती म्हातारी कोणत्या खोलीत झोपते हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुठे खणायचं तेही ठाऊक होतं. आमच्या वाड्यावर हे कुणाला सांगावं लागत नाही. कोण किती वाजता खोकतं तेसुद्धा माहीत असतं. एरवी त्याचा वैताग येतो.

सुशेगाद? ज्या खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीवर, गोंयची तांदळाची ताटं भरली ती बांध सांभाळल्याशिवाय एक दिवस टिकत नाही. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार मोडलं, बांधाला भगदाड पडलं, की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. तिथे माझं-तुझं करत बसता येत नाही. गावकरीची, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची, अख्खी व्यवस्थाच या धावण्यावर उभी राहिली. आज कितीतरी बांध ओस पडलेत, हे मान्य. पण मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा रस्त्यात आडवे पडलेले फणस आणि माड काय मेसेजवाल्याने कापले? वीज खात्याची माणसं दिवसरात्र खांबांवर होती, अग्निशामक दलाला उसंत नव्हती, आणि आतल्या वाटा वाड्यावाड्यावरच्या पोरांनी कोयते, करवती आणि कुणाच्यातरी कटरने मोकळ्या केल्या.

तिसरा मुद्दा, जवानांची वाट बघा. जवानांबद्दल आदर आहेच. पण गोवा ज्यांच्याकडे येतो ती एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे. पावसाळ्यात तुकडी आधी आणून ठेवली तरी ती एकाच वेळी किती वाड्यांवर पोचणार? आमच्याकडे पाणी पडवीतून चुलीत यायला चहाचं आधण येण्याइतका वेळ लागला. केरळच्या २०१८ च्या पुरात तिथल्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आणल्या आणि हजारो लोकांना बाहेर काढलं. वाट बघत बसले असते तर?

इथे एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध कबूल करतो. नुसत्या चांगल्या मनाने होडी तरत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली, माणसं बुडाली. मदत करणारे आपलेच होते. बोटीत माणसं जास्त होती. त्यावर उपाय म्हणजे आमच्या पोरांना दोर, जॅकेट आणि आठ दिवसांचं शिक्षण द्या. शेजाऱ्यावर विश्वास ठेवू नका, हा उपाय कुठला?

दुसऱ्या मुद्द्यावर, सूचना लपवण्यावर, जास्त शाई घालवत नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला तिथेच फायलिन चक्रीवादळ आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधी सांगून, आधी हलवलं. मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. चेंगराचेंगरी झाली नाही. आमच्याकडची अडचण तर उलटी आहे. भोंगा वाजवून सांगितलं तरी माणूस म्हणतो, पेज झाली की निघतो.

राहिला सहावा. यात तथ्य आहे, आणि चीड येते ती याचीच, की सहातला एक खरा निघाला म्हणून लोक बाकीचे पाच गिळतात. हो, फोटो काढले गेले. बिस्किटांचे पुडे डांबरी रस्त्यालगतच्या घरांत छतापर्यंत लागले, आणि साकवापलीकडच्या वाड्यावर तिसऱ्या दिवसापर्यंत काही गेलं नाही. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं आलं, त्यात एका पायाचा बूट आणि जरीचा फाटका शेला. गाळ उपसायला पहिल्या रविवारी साठ माणसं होती, तिसऱ्या रविवारी सात.

याहून वाईट गोष्ट मेसेजवाल्याला सुचलीही नाही, ती मी सांगतो. पहिल्या रात्री देवळाच्या मंडपात सगळे एका ओळीत बसून पेज जेवले. कोण कुठल्या वाड्याचा, कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर, भात-आमटी शिजली, आणि दोन घरांतली माणसं आपसूक बाहेरच्या पायरीवर बसली. त्यांना कुणी उठवलं नाही. कुणी आत या असंही म्हटलं नाही. मीही नाही. पाणी उतरलं तशी जुनी रेघ पुन्हा दिसू लागली. माणसाचा खरा चेहरा बघायचाच असेल तर तो त्या चौथ्या दिवशी होता.

काल आईला फोन केला आणि यातलं जमेल तेवढं सांगितलं. कतरिना तिला कळलं नाही, सिलिंडर कळला. ट्रंकेचं बोलल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तो पोर दिवाळीनंतर आलाच नाही रे. हंगाम आता परत सुरू होईल, तेव्हा विचारते कुणाला तरी." आणि मेसेजचं काय, विचारलं तर म्हणाली, "पाच जणींना पाठवलाय. आता त्यांना तू सांग."

पाचही जणींचे नंबर तिने पाठवलेत. दोघींना फोन करून झालाय. तिसरीला ऐकू कमी येतं, तिच्याकडे रविवारी जातोय. शिडीच्या पायऱ्याही तेव्हाच बदलेन.