पाणी तेवढंच आहे, मग टंचाई कसली?

प्रतिक्रियेबद्दल आभार, रोखठोक लिहिलंत ते बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाणी जलचक्रात फिरत राहतं, संपत नाही, शिवाय समुद्राचं पाणी गोडं करता येतं. मग टंचाईचा बाऊ कशाला? आणि बहुतेक गोडं पाणी शेतीला लागत असताना दात घासताना नळ बंद करायचे उपदेश कशाला?

जलचक्राबद्दल वाद नाही. पण एकूण पाण्यापैकी गोडं जेमतेम अडीच टक्के, आणि त्यातलंही दोन-तृतीयांशाच्या आसपास बर्फात अडकलेलं. उरलेलं हवं तिथे, हवं तेव्हा मिळतं का, हा प्रश्न. मध्य आशियातल्या अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी 1960च्या दशकापासून कापसाकडे वळवलं गेलं आणि अरल समुद्र आटत गेला. ते पाणी काही पृथ्वी सोडून गेलं नाही, वाफ होऊन कुठेतरी पडलंच असेल. एकेकाळी अरलच्या काठावर असलेल्या मोयनाकच्या कोळ्यांना त्याचं काय? त्यांच्या बोटी वाळूत रुतल्या त्या रुतल्याच.

भूजलाचं तर त्याहून अवघड. सौदी अरेबियाने हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला, निर्यातही केला; 2008मध्ये ते आवरतं घ्यायचं ठरलं आणि 2016पर्यंत गव्हाची सरकारी खरेदी थांबली. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात उपशामुळे 1925 ते 1977 या काळात एके ठिकाणी जमीन जवळजवळ 9 मीटर खचली. चिकणमातीचे थर असे दबले की पुढे कितीही पाऊस पडो, तिथे पूर्वीइतकं पाणी मावत नाही. चक्र चालू राहतं, साठवायची जागाच जाते.

खारं पाणी गोडं करायला हजार लिटरमागे साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. किनाऱ्यावरच्या शहराला पिण्यासाठी हे परवडेल. पण एक किलो गव्हाला, पावसाचं पाणी धरून, हजार लिटरहून जास्त लागतं. करा हिशेब. त्यापेक्षा सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं मला जास्त पटतं. नामिबियातलं विंडहुक शहर 1968पासून ते पिण्यासाठीही वापरतंय.

शेतीबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. जगात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के तिकडेच जातं. पण ठिबक बसवलं की प्रश्न मिटला, असंही नाही. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी क्षेत्र भिजवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो (त्याच्या जागी मीही तेच केलं असतं), आणि पूर्वी पाटातून झिरपून विहिरींना मिळणारं पाणीही घटतं. शेतात बचत दिसते, खोऱ्यात ती सापडत नाही. उपशावर मर्यादा घातल्याशिवाय ठिबकचं अनुदान म्हणजे अर्धंच काम. कुठल्याही सरकारला ही मर्यादा नकोशी वाटते, हे उघड आहे.

राहिला नळ. त्याने जगाचं भूजल वाचणार नाही, कबूल. पण 2018च्या दुष्काळात केप टाउनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा आली आणि शहराचा वापर 2015च्या मानाने जवळपास निम्म्यावर आला. पावसाने सुटका केली असं तुम्ही म्हणाल. तो येईपर्यंत धरणांत पाणी टिकलं, ते शहरातल्या या कपातीमुळे आणि शेतीचं पाणी तोडल्यामुळे.