धर्म तलवारीने पसरले? चार विधानं, चार उत्तरं

जगाचा नकाशा, खाली पळणारी सालं आणि खंडच्या खंड व्यापत जाणारे रंग असा एक छोटा व्हिडिओ बराच फिरतोय. त्याच्या शेवटी चार वाक्यं येतात. इस्लाम शंभर वर्षांत तलवारीने पसरला. ख्रिस्ती धर्म युरोपीय तोफांनी पसरला. बौद्ध धर्म फक्त शांततेने पसरला. हिंदू धर्म समुद्र ओलांडून गेलाच नाही. वाक्यं पटकन पटतात, म्हणून लोक ती पुढे पाठवतात. चारही चुकीची आहेत. व्हिडिओ रंगवतो ते राज्य कोणाचं हे, आणि सांगतो ते मात्र प्रजेचा धर्म कोणता हे. या दोन गोष्टींमध्ये कधी दोनशे वर्षांचं अंतर असतं, तर कधी त्यांचा काही संबंधच नसतो.

पहिलं विधान घेऊ, कारण सगळ्यांत जास्त वाद त्यावरच होतो. 632 मध्ये पैगंबरांचं निधन झालं आणि 711 पर्यंत अरब फौजा स्पेन आणि सिंधपर्यंत पोचल्या. ही राज्यं तलवारीनेच मिळवली, ते झाकायचं कारण नाही. पण फौज आली म्हणून त्या मुलखातली माणसं मुसलमान झाली नाहीत. उमय्या या अरब घराण्याच्या राज्यकर्त्यांना तर तशी घाईही नव्हती, कारण जिझिया मिळायचा तो बिगरमुस्लिम प्रजेकडून. महंमद बिन कासिमला सिंधवर धाडणारा इराकचा सुभेदार अल-हज्जाज आपल्याला इतिहासाच्या पुस्तकांतून माहीत असतो. मुसलमान होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना त्याने परत गावी हाकललं आणि त्यांच्याकडून आधीचाच कर वसूल करत राहिला. नवमुस्लिमांची या जिझियातून सुटका करायचा हुकूम पुढे खलिफा दुसरा उमर (717–720) याने काढला.

मग इराण मुसलमान झाला कधी? रिचर्ड बुलिएट या इतिहासकाराने त्यासाठी जुने चरित्रकोश तपासले. त्यांत विद्वानाच्या नावापुढे बाप, आजा, पणजा अशी वंशावळ असते. मागे जात राहिलं की एका ठिकाणी मुस्लिम नावं संपतात आणि जुनं इराणी नाव लागतं, म्हणजे धर्मांतर त्या पिढीच्या आसपास झालेलं. अशा शेकडो वंशावळी जुळवल्यावर त्यांचा अंदाज असा निघाला की निम्म्या लोकांनी इस्लाम स्वीकारायला नववं शतक उजाडलं. इराणचं जुनं सासानी साम्राज्य पडल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी! जास्तीचा कर होता, दुय्यम दर्जा होता, सरकारी नोकरीसाठी धर्म आड येत होता. हा दबावच होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सोसणाऱ्याला काही कमी जाचक वाटला नसेल. पण ‘मान कापतो, नाहीतर कलमा पढ’ हे चित्र या काळाला लागू पडत नाही.

आता इंडोनेशिया. जगातला सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येचा हा देश; तिथे कोणतीही अरब किंवा तुर्की फौज उतरली नव्हती. 1292 मध्ये मार्को पोलो सुमात्राच्या उत्तर टोकाला थांबला, तेव्हा त्याने लिहून ठेवलं की पर्लाक गावचे लोक व्यापाऱ्यांच्या सहवासाने मुसलमान झालेत, पण डोंगरातले नाहीत. शेजारच्या पासाईचा सुलतान मलिक अस-सालिह याच्या थडग्यावर 1297 साल आहे. पासाई आणि जावातल्या ग्रेसिकची पंधराव्या शतकातली काही कोरीव थडगी तर गुजरातमधल्या खंबायतला घडवलेल्या संगमरवराची आहेत. धर्म ज्या गलबतांतून गेला त्यांतूनच थडग्याचा दगडही गेला. जावात पुढे डेमाकच्या सुलतानाने 1527 च्या सुमारास माजापाहितचं उरलेलं हिंदू राज्य लढून संपवलं, हेही खरं. पण लढणारे दोन्हीकडचे जावानीजच होते.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर चौलचा आहे. 916 च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी तिथे आला आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन राहिलेले सुमारे 10,000 मुसलमान त्याने नोंदवले. राज्य राष्ट्रकूटांचं होतं. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो 1296 मध्ये, म्हणजे त्यानंतर 380 वर्षांनी. उलट दिल्ली-आग्र्याच्या परिसरात शतकानुशतकं सुलतानी आणि बादशाही असूनही मुसलमान अल्पसंख्यच राहिले. 1872 च्या जनगणनेत मुस्लिम बहुसंख्या दिसली ती दूर पूर्व बंगालच्या भातशेतीच्या जिल्ह्यांत. तलवारीचा सिद्धांत खरा असता तर हे आकडे नेमके उलटे दिसायला हवे होते.

दुसरं विधान, तोफांचं. युरोपात तोफ यायच्या हजार वर्षं आधी, चौथ्या शतकात, अक्सूमचा म्हणजे आजच्या इथिओपिया भागातला राजा एझाना ख्रिस्ती झाला. त्याच्या नाण्यांवरची चंद्रकोर जाऊन क्रॉस आला. सहाव्या शतकातला कॉस्मास हा ग्रीक व्यापारी मलबारात ख्रिस्ती असल्याचं लिहितो. ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचंही तो सांगतो, आणि बहुतेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण मानतात. चीनमध्ये शीआनला 781 चा एक शिलालेख आहे. 635 मध्ये अलोपेन नावाचा धर्मगुरू तिथे पोचल्याचं तो सांगतो. आणि कोरियात तर बाहेरून मिशनरी यायच्या आधीच ख्रिस्ती मंडळी उभी राहिली होती. चीनहून आलेले ग्रंथ वाचून काही विद्वान या धर्माकडे वळले. त्यांतल्या यी स्युंग-हुनने 1784 मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. दहा वर्षांनी पहिला चिनी पाद्री चोरून सीमा ओलांडून आला, तेव्हा तिथे सुमारे 4,000 श्रद्धाळू होते. तलवार चालली ती त्यांच्यावर: 1801 मध्ये दरबाराने यीचा शिरच्छेद केला.

याचा अर्थ जबरदस्ती झालीच नाही, असा कोणी काढू नये. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने 782 मध्ये व्हर्डेनला 4,500 सॅक्सन कापल्याची नोंद फ्रँकांच्याच बखरीत आहे, आणि बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला देहदंड हा त्याचा कायदा होता. गोव्याबद्दल तर आपल्याला कोणी सांगायला नको. 1540 पासून तिसवाडीतली देवळं पाडली गेली, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि ते 1812 पर्यंत टिकलं. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली ती त्या सोळाव्या शतकातच. पोर्तुगीज हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात देव हलवणारी माणसं कोणत्या भीतीत जगत होती, हे गोव्याबाहेर राहणाऱ्या त्यांच्या वंशजांच्या कुलदेवतेच्या यात्रेत आजही कळतं. त्या छळाची आठवण ठेवायलाच हवी. पण कोरिया आणि गोवा या दोन्हींना एकच वाक्य लावलं, तर दोघांवरही अन्याय होतो.

तिसऱ्या विधानात कौतुक आहे, म्हणून ते कोणी तपासत नाही. बौद्ध धर्माचा मोठा प्रवास व्यापाऱ्यांच्या दानावर झाला. कार्ल्याच्या लेण्यातला लेख वाचा: वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठने ‘जंबुद्वीपात उत्तम’ असं हे शैलगृह पुरं केलं. खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचीही नावं आहेत. पण राजसत्तेविना आणि रक्ताविना सगळं झालं, हे खरं नाही. जपानमध्ये 587 मध्ये सोगा आणि मोनोनोबे घराण्यांत लढाई झाली. बौद्ध धर्माच्या बाजूचे सोगा जिंकले, मगच त्याला तिथे राजाश्रय मिळाला. तिबेटमध्ये पाचव्या दलाई लामांची सत्ता 1642 मध्ये उभी राहिली ती गुश्री खान या मंगोल सरदाराच्या फौजेच्या जोरावर. आणि शांत धर्मालाही तलवार सोसावी लागते: चीनच्या वूझोंग बादशहाने 845 मध्ये 4,600 मठ बंद केले आणि 2,60,500 भिक्षु-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं.

चौथं विधान सर्वांत कमकुवत आहे. बोर्निओत कुताई इथे साधारण 400 च्या सुमाराचे संस्कृत लेख कोरलेले दगडी यूप, म्हणजे यज्ञस्तंभ, सापडले. त्यांत मूलवर्मन राजाने ब्राह्मणांना 20,000 गायी दिल्याचं लिहिलंय. त्याचा बाप अश्ववर्मन. आजा मात्र कुंडुंग, हे तिथलंच नाव. म्हणजे भारतातून कोणी जिंकायला गेलं नाही. स्थानिक राजघराण्यानेच यज्ञ आणि संस्कृत नावं स्वीकारली. कंबोडियातलं बाराव्या शतकातलं अंगकोर वाट मुळात विष्णूचं मंदिर आहे, आणि बाली आजही हिंदूबहुल आहे.

1834 नंतर तर हिंदू धर्म राजाशिवाय आणि पुरोहिताशिवायही समुद्रापार गेला. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत सुमारे 4,50,000 गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते. सत्ता ब्रिटिशांची, मळेवाले बहुतेक फ्रेंच वंशाचे, आणि तरीही आज त्या बेटावर जवळपास निम्मे लोक हिंदू आहेत. गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते.