सरासरीएवढा माल मागवा म्हणे! मग पाव उरणार आणि हार कमी पडणार

निपाणी-खानापूरच्या दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरून तो मेसेज आता वडगावात मामांच्या फोनवर आलाय, आणि मामा गणपतीची ऑर्डर त्यावरूनच ठरवायला बसलेत. मेसेज असा: 'सरासरी खपाएवढाच माल घ्या. काल संपला तर आज वाढवा, उरला तर घटवा. तुटवडा दिसला की दुप्पट मागवा. मुरलेल्या दुकानदाराला हिशोब लागत नाही.'

सगळ्यात घातक ती सरासरी. समजा पावाची लादी 24 ला घेऊन 30 ला विकता आणि उरलेली फेकता. एक कमी पडली तर 6 रुपये हुकले, एक उरली तर 24 बुडाले. 6 भागिले दोन्हींची बेरीज 30, म्हणजे 0.2. मागच्या 20 रविवारची मागणी चढत्या क्रमाने लिहा आणि चौथा आकडा मागवा, कारण 20 गुणिले 0.2 म्हणजे 4. हार 10 ला घेऊन 40 ला जात असेल तर 30 भागिले 40, म्हणजे 0.75, तिथं पंधरावा आकडा. पावाला सरासरी जास्त होते, हाराला कमी. बेकरीवाला उरलेली लादी 18 ला परत घेत असेल तर मात्र दोन्हीकडचं नुकसान 6-6, आणि मधला आकडा बरोबर, जो बहुधा सरासरीच्या आसपासच असतो. एवढ्यापुरता मेसेज खरा, ठीक आहे.

एक मेख आहे. 40 हार सकाळी 9 लाच संपले, तर मागणी 40 नव्हती. रिकाम्या हाताने परत गेलेली गिऱ्हाइकंही वहीत मांडा.

मुरलेल्यांचं म्हणाल, तर श्वाइट्झर आणि कॅशॉन या संशोधकांचा 2000 सालचा प्रयोग बघा. मागणी 1 ते 300 मधली कुठलीही, सगळे आकडे सारख्याच शक्यतेचे, हे आधीच सांगितलेलं. विक्री 12 ला. खरेदी 3 ला असेल तर 225 मागवायला हवेत, 9 ला असेल तर 75. लोकांनी सरासरी मागवले सुमारे 177 आणि 134. दोन्ही वेळा मधल्या 150 कडे ओढले गेले. हिशोब न करता नुसत्या अंदाजाने माणूस तिकडेच झुकतो, आणि मेसेज त्यालाच शहाणपण म्हणतो.

काल संपला म्हणून आज वाढवा, हेही त्याच प्रयोगात दिसलं. प्रत्येक फेरीची मागणी स्वतंत्र होती, तरी लोक मागच्या आकड्यामागे धावले. सण तोंडावर असेल तर वाढवा की, पण ते कॅलेंडर बघून. कालचा गल्ला बघून नव्हे.

दुप्पट मागवणं तर कहरच. चार दुकानदारांनी दुप्पट सांगितलं की होलसेलवाल्याला खोटी मागणी दिसते आणि माल येतो अनंत चतुर्दशीनंतर. 1989 मध्ये संशोधक स्टरमन यांनी बिअर गेमच्या, म्हणजे दुकानदार ते कारखाना अशा साखळीत ऑर्डर देण्याच्या खेळाच्या, अभ्यासात हीच खोड दाखवली: सांगितलेला पण अजून न पोचलेला माल लोक मोजतच नाहीत. उदबत्तीचे 60 खोके हवेत, दुकानात 15 आहेत, 30 वाटेत आहेत, तर ऑर्डर 15 ची. 45 ची नव्हे, 90 ची तर नव्हेच.