मे महिन्यातला हीटर

"हीटरचा ब्लोअर मिळेल का?" असं मी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात विचारलं, तेव्हा मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते आणि दुकानदार गळ्यातल्या नॅपकिनने मान पुसत होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं, बरोबर कोणी जबाबदार माणूस आहे का ते.

"गाडी कुठली?"

"दादरची."

"तसं नाही हो. मॉडेल?"

मॉडेल सांगितलं, साल 1997 सांगितलं. त्याने नॅपकिन बाजूला ठेवला. "मनालीला राहायला जाताय का?"

"नाही. दादरलाच."

यावर त्याने पोऱ्याला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

मुंबईत हीटर ही लाजेची वस्तू आहे. माणूस गाडीचा एसी बिघडला म्हणाला तर सगळी सोसायटी हळहळते. हीटर बिघडला म्हणाला तर हसते. वेधशाळेच्या दप्तरात सांताक्रूझचा नीचांक 7.4 अंशांचा आहे, 22 जानेवारी 1962 चा. म्हणजे या शहराला हीटरची खरीखुरी गरज पडली ती एकदा, आणि तेव्हा मी जन्मलो नव्हतो. आमची जीप तर नव्हतीच. (ती तशी जीप नाही. कंपनीने तिला स्वतंत्र नाव दिलंय. पण चार चाकं फिरवणारी, पुढून पोलिसांसारखी दिसणारी कुठलीही गाडी सासूबाईंच्या लेखी जीपच, आणि घरात त्यांचा शब्द चालतो.)

पण मला हीटर थंडीसाठी नको होता, पावसासाठी हवा होता. हे पन्नास जणांना समजावून झालंय, आता एक्कावन्नावे तुम्ही.

गेल्या जुलैत आम्ही माळशेजला निघालो होतो. मुरबाड सोडलं आणि पाऊस असा धरला की टोकावड्याच्या पुढे काचा बंद कराव्या लागल्या. आत पाच माणसं, तीन ओल्या छत्र्या, दहा ओल्या चपला आणि कल्याणला घेतलेली गरम भजी. एवढ्यांनी मिळून सोडलेली वाफ जाणार कुठे? बाहेरून पावसाने गार झालेली काच समोरच होती. दोन मिनिटांत ती दुधाच्या बाटलीसारखी झाली. एसी असता तर त्याने आतली हवा कोरडी केली असती, पण एसी आधीच्या मालकाने काढून विकलेला. अशा वेळी हीटरची गरम, कोरडी हवा खालून काचेवर मारायची असते. ती काचेवरचं पाणी पिऊन टाकते. मी बटण तीनवर नेलं. डॅशबोर्डच्या पोटातून विमान उडाल्यासारखा आवाज आला, आणि काचेच्या तळाशी वाटीएवढा गोल साफ झाला. त्यातून मला फक्त माझं स्वतःचं बोनेट दिसत होतं.

मग जे झालं ते आमच्या घराण्यात अजून सांगितलं जातं. मी गाडी चालवतोय, बायको डावीकडून रुमालाने माझ्यासमोरची काच पुसतेय, आणि सासूबाई मागून "आता डावीकडे दरी आहे हं" असं अंदाजाने सांगतायत. टपरीवर थांबलो तर एका ट्रकवाल्याने बटाट्याची फोड चोळायचा सल्ला दिला. तो उपाय काचेच्या बाहेरच्या बाजूचा, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आतून चोळली. आधी रस्ता धुक्यातून दिसत होता, आता पिठल्यातून दिसायला लागला. घाट न चढताच परत फिरलो. परतताना बायको एकच वाक्य बोलली, "अहो, पुढच्या पावसाळ्याच्या आत हे नीट करा, नाहीतर मी ट्रेनने जाईन." माळशेजला ट्रेन जात नाही. म्हणजे राग खरा होता.

पुढच्या पावसाळ्याच्या आत म्हणजे मराठी माणसाच्या हिशेबात मे महिना. रविवारी सकाळी पाने-पक्कड घेऊन खाली उतरलो.

गाडीच्या हीटरइतकी सोपी वस्तू नाही, हे माझं आजही मत आहे. इंजिन थंड ठेवणारं पाणी स्वतः नव्वद अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्यातलं थोडं दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डच्या मागे आणायचं आणि वहीएवढ्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं. त्यावर पंख्याने, म्हणजेच ब्लोअरने, हवा मारायची. ती हवा पायाकडे पाठवायची की काचेकडे, ते एक झडप ठरवते. झालं. आमच्या नळ्या दोन्ही चटका बसण्याइतक्या गरम होत्या, म्हणजे उष्णतेची तक्रार नव्हती. वाराच नव्हता.

वारा मोजायला मी देवघरातली उदबत्ती आणली. पेटवून काचेखालच्या फटीशी धरली आणि पंखा तीनवर टाकला. धूर जरा दचकला, वाकडा झाला आणि पुन्हा सरळ वर गेला. तेवढ्यात वॉचमन आला, चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, नारळ आणू?" त्यानंतर दर रविवारी माझी गाडीपूजा असते असं सोसायटीत पसरलं. सेक्रेटरींनी तर प्रसादाबद्दल विचारलं.

पहिला संशय गुलमोहरावर होता. आमची गाडी वर्षाचे बारा महिने त्याच्याखाली असते. बोनेट आणि काच यांच्यामध्ये जी जाळी असते, तिथून बाहेरची हवा आत जाते. गुलमोहराचं पान त्या जाळीसाठीच देवाने केलंय. एकेक पर्ण तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठं. जाळी उघडली. आत हात घातला आणि काढतच राहिलो. घमेलंभर निघालं. अर्धं पान, अर्धं खत. तळाशी तीन मोहोरलेल्या वर्षांच्या पाकळ्यांचा लगदा, त्यात एक बटण आणि सोसायटीच्या 2016 च्या वार्षिक सभेची नोटीस, कोपरे उंदराने खाल्लेली. तळमजल्यावरच्या काकूंनी ते खत कुंड्यांसाठी नेलं. त्यांची जास्वंद त्या वर्षी फुलली ती माझ्या हीटरच्या जिवावर, पण श्रेय त्यांनी चहाच्या चोथ्याला दिलं.

जाळी लावली, उदबत्ती पेटवली. धूर आधीपेक्षा दोन बोटं जास्त वाकला.

एव्हाना खुर्च्या आल्या होत्या. मुंबईत बोनेट उघडलं की तज्ज्ञ आपोआप जमतात. एक काका आयुष्यभर रेल्वेत होते, ते म्हणाले रेझिस्टन्स गेला. मी म्हटलं, काका, पंख्याचा वेग कमी करणारा रेझिस्टन्स जळला की एक-दोन बंद पडतं आणि फक्त तीन चालतं. आपल्याकडे तिन्ही चालतात, आवाज तीन वेगळे येतात. काका म्हणाले, मग आवाजाचाच रेझिस्टन्स असेल. हा प्रकार मला अजून कळलेला नाही, पण ते ज्या खात्रीने म्हणाले त्यावर मी एक नवा आणला. फरक शून्य.

दुसऱ्या रविवारी डॅशबोर्डखाली उताणा झोपलो. पन्नाशीनंतर ही मुद्रा कोणी करू नये. मान ब्रेकच्या पेडलवर, पाय दाराबाहेर रस्त्यावर, येणारीजाणारी माणसं पायांना विचारून जायची, "काय, सापडलं का?" सापडलं होतं थोडंफार. काचेकडे हवा नेणारी एक घडीची नळी तिच्या तोंडावरून निसटली होती आणि वर्षानुवर्षं ग्लोव्ह बॉक्सच्या पाठीला गरम करत होती. झडपेवरचा स्पंज कुजून त्याचा काळा भुगा झाला होता. चाचणी घेतली तेव्हा तो सगळा माझ्या डोळ्यांत आला. नवा स्पंज बायकोच्या जुन्या योगा मॅटमधून कापला. (जुनी नव्हती, हे नंतर कळलं.)

मग मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंख्यापाशी पोहोचता पोहोचता साडेदहा. समुद्र आमच्याकडून चालत सात मिनिटांवर आहे, आणि तो रोज येऊन गाडीची अर्थिंग खातो. बोल्टावरचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. व्होल्ट तेरावर गेले. पंखा आता असा गरजायला लागला की दुसऱ्या मजल्यावरचं बाळ उठलं. उदबत्तीचा धूर? हं. तोही उठल्यासारखा करून पुन्हा झोपला.

आवाज वादळाचा आणि वारा विंझण्याचा. त्या दिवशी मी हरलो आणि गाडी घेऊन लालबागच्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे. माझं संपूर्ण निवेदन त्यांनी विडी ओढत ऐकलं. गुलमोहर, स्पंज, अर्थिंग, सगळं. मग विचारलं, "मुंबयत तुमका हीटर कित्याक व्हयो?" तेही सांगितलं. त्यांनी पंख्याचे तीन स्क्रू काढले, पंखा खाली ओढून हातात घेतला आणि मला तो चालू करायला लावला. पाच सेकंद पाहिलं. विडी विझवली.

"पंखो उलटो फिरता हा."

मी म्हटलं, शक्य नाही, हवा बाहेर येतेय ना! छताचा पंखा उलटा फिरला तर वारा वर जाईल, इथे तर तोंडाकडेच येतोय.

तेव्हा त्यांनी जे दाखवलं ते मी विसरणार नाही. हा पात्यांचा पंखा नसतो. आकाशपाळण्यासारखा गोल पिंजरा असतो, काठावर उभ्या वाकड्या पट्ट्या. मधून हवा ओढायची आणि काठावरून बाहेर भिरकावायची. तो कसाही फिरवा, हवा बाहेरच फेकली जाते, आणि बाहेर जायला वाट एकच. फक्त पट्ट्यांचा बाक उलटा पडला की पिंजरा हवा धरत नाही, नुसता घुसळतो. म्हणून आवाज भरपूर, वारा नावाला. आणि म्हणूनच कुणाला शंका येत नाही. मी अर्थिंग घासून केलं एवढंच की तो उलट्या दिशेने जास्त जोमाने फिरायला लागला.

"वायरी कोणी जोडल्या?" मिस्त्रींनी विचारलं.

जोडणीवर निळी टेप होती. आमच्या घरी त्या टेपचं एक मोठं भेंडोळं आहे. मुलाच्या क्रिकेट बॅटच्या मुठीला गुंडाळून उरलेली. दोन वर्षांपूर्वी वितळलेला प्लग कापून वायरी मीच जोडल्या होत्या. दोन्हींचा रंग ऊन खाऊन एकसारखा मातकट झाला होता आणि मी मनाशी नाणेफेक केली होती.

"असेल कोणी वायरमन," मी म्हटलं. "हल्ली हे लोक..."

मिस्त्रींनी टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सभ्य माणसासारखं तोंड फिरवलं. वायरी अदलाबदल करायला त्यांना चहा गार व्हायच्या आतला वेळ लागला. पैसे घ्यायला तयार नव्हते. मीच दिले, गप्प राहण्याचे धरून.

चाचणी तर हवीच. रात्री सोसायटीच्या आवारात इंजिन तापवलं, काचा चढवल्या, पंखा तीनवर. उदबत्ती विझली. विझली म्हणजे फुंकर घातल्यासारखी विझली! मे महिन्याच्या रात्री, बंद गाडीत, हीटर पूर्ण सोडून, बनियन अंगाला चिकटलेला, मी आनंदाने स्टिअरिंगवर थापा मारत होतो. वॉचमनने टॉर्च मारला, थोडा वेळ पाहिलं आणि आमच्या घरी इंटरकॉम लावला.

जुलैत पुन्हा निघालो. तीच पाच माणसं, त्याच छत्र्या, कल्याणची भजी. टोकावड्याला पाऊस आला, काचा वर गेल्या आणि काच दुधाळायला लागली. मी कुणालाही काही न सांगता बटण तीनवर नेलं. खालून वर, पडदा उचलावा तशी काच साफ होत गेली. बायकोच्या हातातला रुमाल तसाच राहिला. सासूबाईंनी मागून "शाब्बास" म्हटलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातलं हे पहिलं.

तसेच घाटात शिरलो. पहिलं वळण घेतलं आणि मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. काच इतकी लख्ख होती की आहे की नाही कळू नये. आणि तिच्या पलीकडे पांढरंशुभ्र, गच्च, हातभर पुढचं दिसू न देणारं धुकं. अख्खा माळशेज गायब.

बायकोने नीट निरखून पाहिलं. रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "बाहेरचा पंखाही तुम्हीच जोडलाय का?"