‘डोक्यात सुया, खिशाला कात्री’ या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय वाचून आठ दिवस झाले. त्यातले पहिले चार रागात गेले, हे कबूल करते. नंतर केसपेपर काढला, दवाखान्यातल्या दोन्ही मुलींना समोर बसवून विचारलं, आणि मग लिहायला घेतलं. वडिलांची ओळख पटेल असं काही इथे लिहिणार नाही. तुम्ही जेवढं उघड केलंय तेवढ्यावरच बोलते.

तुमचं म्हणणं असं: लकव्याच्या झटक्याने वडिलांची उजवी बाजू गेली. सहा आठवड्यांनी तुम्ही त्यांना आमच्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आणलंत. पंधरा सिटिंगचे नऊ हजार आगाऊ घेतले आणि ‘पंधरात हात उचलतील’ असं सांगितलं. अकरा झाल्या तरी हात तसाच. वर फिजिओथेरपी बंद करायला लावली, एकदा रक्ताने कॉलर भरली, आणि राहिलेले पैसे मागितले तर ‘पॅकेज परत होत नाही’ हे उत्तर मिळालं. शेवटी तुम्ही लिहिलंत की सोलापुरात कोटणीसांचा फोटो लावला की कुठलाही बोगस धंदा चालतो.

‘बोगस’चं आधी सांगते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, माझी नोंदणी आहे आणि ती भिंतीवर लावलेली आहे. मात्र त्या कायद्याने मला सुई टोचायची मुभा दिली. लकवा बरा होतो असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या दारावरच्या बोर्डावर मात्र लिहिलेलं होतं. तिथे तुमचा मुद्दा मान्य.

फोटोचंही खरं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे, १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पण ते सर्जन होते. त्यांनी तिकडे जखमी सैनिकांच्या शस्त्रक्रिया केल्या. सुया टोचल्या नाहीत. ॲक्युपंक्चर शिकून आले ते त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू, आणि तेही पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फिट्स येऊन. आणि आमच्या बोर्डावर त्यांच्या फोटोखालीच ‘फिट्स’ लिहिलेलं होतं! पंधरा वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर करतेय, माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. तुमच्या टोमण्यामुळे आलं.

आता ‘डोक्याला सुया टोचून मेंदू कसा बरा होईल’ या प्रश्नाकडे येते. तो तुम्ही रागाने विचारलाय, पण प्रश्न चोख आहे. सुई मेंदूपर्यंत जात नाही. कवटीच्या वरच्या वर, त्वचेखालच्या सैल थरात ती तिरपी सरकवतात. ही पद्धत काही हजारो वर्षांची नाही. चीनच्या शान्सी प्रांतातले डॉक्टर च्याओ शुन-फा यांनी ती १९७० च्या सुमाराला मांडली. मेंदूचा कुठला भाग कुठला अवयव हलवतो ते पाश्चात्त्य वैद्यकाला ठाऊक होतंच. च्याओंनी तोच नकाशा डोक्याच्या कातडीवर उतरवला. मध्यरेषेपासून कानशिलाकडे एक तिरपी रेषा काढायची. तिचा वरचा एक पंचमांश पायाचा, मधले दोन हाताचे, खालचे दोन चेहऱ्याचे. उजवा हात गेला असेल तर सुई डाव्या बाजूला. मग ती मिनिटाला दोनशेच्या आसपास वेळा फिरवायची. तुमच्या वडिलांना त्या फिरवण्याचा त्रास व्हायचा. त्यांना बोलता येत नव्हतं, पण कपाळावरच्या आठ्या दिसायच्या.

वरच्या कातडीला डिवचल्याने खाली मेंदूत काय घडतं, याचं मला स्वतःला पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही. मेलेल्या पेशी सुईने परत येत नाहीत, हे नक्की. चाचण्यांचं म्हणाल तर झटक्यानंतरच्या पुनर्वसनात ॲक्युपंक्चरचा उपयोग होतो का, हे पाहणारा, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा मोठा आढावा २०१६ साली आला. ३१ चाचण्या, २,२५७ रुग्ण. थोडा फायदा दिसतो, पण चाचण्या इतक्या कच्च्या की त्यांच्या भरवशावर हे उपचार सरसकट द्यावेत असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष होता. फिट्स आणि ऑटिझमवरच्या आढाव्यांत तर तेवढंही हाती लागलं नाही. हे मला तुम्ही अभिप्राय लिहिण्याआधीपासून माहीत होतं. तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं नाही. ‘प्रयत्न करून बघू’ एवढंच म्हणाले, आणि बाहेर काउंटरवर त्याचं ‘पंधरात हात उचलतील’ झालं. मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘मॅडम, मागच्या काकांचा उचलला होता ना.’

त्या मागच्या काकांचंही सांगते. झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सगळ्यात जास्त असतो, सुया असोत वा नसोत. काकांचा हात त्याच काळात उचलला. तुमच्या वडिलांचाही त्याच काळात उचलला असता तर श्रेय मी घेतलं असतं, तुम्ही पाच तारे दिले असते आणि तो हात कशाने उचलला हे आपण कुणीच विचारलं नसतं.

रक्ताचं. डोक्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या भोवतालच्या घट्ट थराने ताणून धरलेल्या असतात, त्यामुळे तिथे बारीकशा भोकातूनही जास्त वाहतं. त्यात वडील रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांवर. सुई काढल्यावर कापूस नीट दाबून धरायचा, पाच मिनिटं बसवायचं आणि केसात बोट फिरवून बघून मगच सोडायचं, हा आमचाच नियम. त्या संध्याकाळी गर्दी होती, तो पाळला गेला नाही. कॉलर भरलेली पाहून तुमच्या आईचं काय झालं असेल याची कल्पना आहे. माफ करा.

एका मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडणार होते, तो फिजिओथेरपीचा. मी ती बंद करायला सांगितलेलं नाही. केसपेपरवर माझ्याच अक्षरात आहे: ‘सुया असताना हात हलवून घेणे, फिजिओ चालू’. ही पद्धत करणारे बहुतेक सगळे सुया डोक्यात असतानाच हात-पाय हलवून घेतात. म्हणून तुमचं ते वाक्य वाचून मी आधी चिडले. मग चौकशी केली. आमच्या मदतनीस मुलीने तुमच्या आईला सांगितलं होतं, ‘सुयांच्या दिवशी काका दमतात, त्या दिवशी व्यायाम नको.’ तिने प्रेमानेच सांगितलं. पण सिटिंग एक दिवसाआड होत्या. म्हणजे तीन आठवड्यांत अकरा दिवसांची फिजिओ बुडाली, आणि तीही ज्या काळात प्रत्येक दिवस मोलाचा होता त्या काळात. आईला काय सांगितलं जातंय ते मी एकदाही पडताळून पाहिलं नाही, ‘काल व्यायाम झाला का’ असंही विचारलं नाही. बाकी सगळ्या तक्रारींवर माझ्याकडे काही ना काही बोलायला आहे. यावर नाही.

बोर्ड मंगळवारी उतरवला. त्याचं कारण फक्त तुमचा अभिप्राय नाही. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी एका बाईंना रिक्षातून थेट माझ्या दारात आणलं होतं. तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, सुरू होऊन तासही झाला नव्हता. मुलगा म्हणाला, ‘बोर्डवर पॅरालिसिस लिहिलंय म्हणून आणलं.’ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते, त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. मी रिक्षा तशीच वळवून मोठ्या दवाखान्यात पाठवली आणि स्वतःवर खूश झाले. बोर्ड मात्र तसाच राहिला. नव्या पाटीवर फक्त ‘ॲक्युपंक्चर’ आहे आणि खाली नोंदणी क्रमांक. लकव्याचे रुग्ण यापुढे न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी असेल तर, फिजिओच्या जोडीला, आणि दर सिटिंगला तेवढ्यापुरते पैसे घेऊन. पॅकेज बंद. फोटो राहील. त्याखाली ‘सर्जन, १९१०–१९४२’ एवढंच लिहून घेतलंय.

पैशांचं. चार सिटिंगचे २,४०० रुपये तुमचे होतेच, ते मागायची वेळच यायला नको होती. उरलेले ६,६०० सुद्धा परत केले आहेत, कारण ते ज्या वाक्यावर घेतले ते वाक्य खोटं होतं. पैसे ज्या नंबरवरून आले होते त्याच नंबरवर आज सकाळी पाठवलेत, एकदा बघून घ्या.

वडिलांच्या गोळ्या आमच्या सांगण्यावरून किंवा रक्त आलं म्हणून कमी केल्या असतील तर आजच डॉक्टरांना विचारून नीट करा. केसपेपरची प्रत काउंटरवर पाकिटात ठेवली आहे, कुणालाही पाठवा. पहिल्या आणि अकराव्या सिटिंगच्या दिवशी खांदा किती अंश वर गेला ते त्यात लिहिलंय. आकडा दोन्ही दिवशी एकच आहे, पण नव्या फिजिओथेरपिस्टला सुरुवात करायला तो लागेल.